विश्लेषण : मज्जारज्जूची दुखापत… आधी पाय की आधी हात?

मज्जारज्जूला इजा झाली, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘पुन्हा चालता येईल ना?’ बातम्यांचाही कल तिकडेच. २०२३मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात ‘डिजिटल पूल’ बांधून एका पक्षाघातग्रस्ताला चालवले आणि ते दृश्य जगभर गाजले. रुग्णांचे उत्तर मात्र वेगळे असते.

किम अँडरसन यांनी २००४मध्ये अमेरिकेत ६८१ रुग्णांना विचारले, की कोणते कार्य परत मिळाल्यास आयुष्य सर्वाधिक बदलेल? मानेच्या पातळीवर इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हाताचे नाव घेतले. केवळ पाय गेलेल्यांनी लैंगिक कार्याला पहिली पसंती दिली. लघवी-शौचावरील ताबा दोन्ही गटांना महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे मात्र याविषयी डॉक्टरही आडून बोलतात.

हात परत कसा मिळतो?

इजेच्या जागेखालच्या सगळ्याच तारा तुटलेल्या नसतात. गुदद्वाराजवळ थोडी जरी संवेदना शिल्लक असली, तरी इजा ‘अपूर्ण’ मानतात आणि सुधारणेची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टर ती तपासणी करतात. अवघडून जाण्याचे कारण नाही. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, पण त्यानंतर दार बंद होते असे नाही. त्वचेवरून मज्जारज्जूला विद्युत उत्तेजन देणाऱ्या ‘आर्क-ईएक्स’ या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. जुन्या दुखापतीच्या ६० जणांवरील चाचणीत ७२ टक्क्यांच्या हाताची ताकद आणि कार्य दोन्ही सुधारले. त्यासाठी शस्त्रक्रिया लागली नाही. मात्र या चाचणीत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि उत्तेजनासोबत हाताचा नेटाने सराव होता, हे विसरून चालणार नाही. नुसते यंत्र लावून बोटे हलत नाहीत.

घरात काय चुकते?

मानेच्या सहाव्या पातळीच्या इजेत बोटे हलत नसली, तरी मनगट मागे वळवता येते. तसे वळवले, की बोटे आपोआप मिटतात आणि चमचा, पेला, मोबाइल धरता येतो. ही पकड बोटांच्या किंचित आखडण्यावर टिकून असते. घरचे लोक मायेने तेल लावून, मनगट मागे ठेवून बोटे सरळ ताणत राहिले, तर ती सैल पडते. थेरपिस्टने हे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. पण थेरपिस्ट भेटण्याआधीच रुग्ण घरी पोहोचलेला असतो, ही अडचण कोणतेही उपकरण सोडवत नाही.

पुण्यात खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे व्हीलचेअरवरचे आयुष्य, खेळ, काम यांची घडी बसवली जाते. झाडावरून पडलेला शेतमजूर किंवा दुचाकी अपघातातला तरुण जिल्हा रुग्णालयातून सुटतो, तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, कॅथेटर स्वच्छ हाताने कसा घालायचा, हे त्यावर क्वचितच लिहिलेले असते.