वॉटर-बेस पेंट घ्यायचा का? आधी हवेचा हिशोब करा!



देवरीत हायवेला लागून डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकायचं म्हणता? जागा चांगली आहे. नागपूर-रायपूरच्या जवळपास मध्यावर आपण आहोत, गाड्यांना तोटा नाही. मग कोणीतरी सांगतं, "आता वॉटर-बेस पेंटचा जमाना आहे, तोच घे." माझं स्पष्ट मत ऐका: रंग उत्तम आहे, पण पहिला पैसा त्यात घालू नका.

हा रंग आला का, ते समजून घ्या. थिनरची वाफ हवेत जाते, पेंटरच्या छातीत जाते. म्हणून युरोपने २००७ पासून गाडी रिपेंटिंगच्या टॉपकोटमध्ये अशा वाफेच्या द्रव्यांवर लिटरला ४२० ग्रॅमची मर्यादा घातली. तिथली गॅरेजं वॉटर-बेसकडे वळली ती यामुळे.

आता आपली अडचण. थिनर हवामान बघून फास्ट किंवा स्लो घेता येतो. पाणी ते पाणीच! पावसाळ्यात हवा दमट असली की बेस कोट सुकता सुकत नाही. त्यासाठी ब्लोअर लागतो, बंद बूथ लागतो, मोठा कॉम्प्रेसर लागतो. गनसुद्धा आतून न गंजणारी हवी. समजा, तुम्ही दिवसाला चार पॅनल काढता आणि जुलैत दोनच निघाले. भाडं आणि पगार तर तेवढाच राहणार ना?

शिवाय गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. ट्रक-ट्रॅक्टरचं काम जास्त असेल, तर ते इनॅमल किंवा पीयूमध्येच होतं. वॉटर-बेसचा खरा उपयोग कारच्या मेटॅलिक शेडला.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "पाण्याचा रंग आहे, मास्क कशाला?" अहो, त्यावर जो क्लिअर कोट मारता, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. धूळ न येणारी खोली आणि एक्झॉस्ट.
२. पेंटरसाठी हवा पुरवणारा मास्क.
३. कॉम्प्रेसरला ऑइल-मॉइश्चर फिल्टर.
४. महिन्याला किती कार, किती ट्रक, याची वही.

वहीत कारचं काम वाढलेलं दिसलं, की वॉटर-बेस जरूर आणा. आणि गन धुतलेलं पाणी नालीत सोडू नका. त्यात रंग असतोच, ते वेगळ्या ड्रममध्ये साठवा.

पहिल्या तीन गोष्टी थिनरच्या रंगालाही लागतात, म्हणजे तो पैसा वाया जाणार नाही. रंग उद्या बदलता येईल. पेंटरची फुप्फुसं बदलता येत नाहीत, आणि सुरुवातीला तो पेंटर बहुतेक तुम्हीच असाल.