रक्तदाबाची गोळी आणि राहून गेलेली मूत्रपरीक्षा

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घेणारा शेतकरी तिचे दात पाहतो, कास चाचपतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच कनवटीला हात घालतो. हाच चोखंदळ गृहस्थ रक्तदाबाची गोळी मात्र चार-पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर दुकानातून आणीत असतो आणि एवढ्या काळात त्याची लघवी एकदाही तपासली गेलेली नसते. हे चित्र केवळ नेवासे तालुक्यातले आहे असे कोणी समजू नये.

ही गोळी बहुधा अम्लोडिपिनची असते. ती स्वस्त व गुणकारी आहे, आणि २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात अनेक राज्यांनी उपचाराचा प्रारंभ तिच्यापासूनच केला, हे योग्यच झाले. तिचे कार्य मात्र समजून घेतले पाहिजे. पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडली की ते आत शिरते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशी आकुंचन पावते. अम्लोडिपिन ही द्वारे अडविते. वाहिनी सैलावते व दाब उतरतो. हाडांतील किंवा दुधातील कॅल्शियमशी याचा काही संबंध नाही.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त एका वाहिनीने येते आणि दुसरीने बाहेर पडते. अम्लोडिपिन ज्या द्वारांवर काम करते ती मुख्यत्वे येणाऱ्या वाहिनीत आहेत. मुळा धरणाच्या कालव्यावर पाणी धरणाऱ्यास याचा अर्थ सांगावा लागणार नाही. वरचे दार सताड उघडले आणि खालची मोरी तेवढीच ठेवली, तर मधल्या बांधावर ताण येतो. एकूण दाब पुरेसा उतरला तर बांध टिकतो. पण मधुमेहाने तो आधीच झिरपू लागला असेल, तर केवळ या गोळीवर विसंबणे बरे नव्हे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एका अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांवरील व दुसऱ्या मधुमेही रुग्णांवरील, अम्लोडिपिनपेक्षा अनुक्रमे रामिप्रिल व इर्बेसार्टन यांनी मूत्रपिंडाचे रक्षण अधिक चांगले केले. ही औषधे बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. टेल्मिसार्टन त्याच जातीचे.

खरा घोटाळा होतो तो सुजलेल्या पायांपाशी. अम्लोडिपिनने पायांतील सूक्ष्म वाहिन्यांतही आत येणारी वाट रुंदावते, बाहेरची नाही, आणि पाणी ऊतींत झिरपते. ही सूज मूत्रपिंडाच्या विकाराची नव्हे. परंतु लघवीवाटे प्रथिने जाऊ लागली तरी पाय असेच सुजतात! दोहोंतला भेद डोळ्यांना दिसत नाही. लघवीत बुडविलेली एक पट्टी त्याचा पहिला पुरावा देते. ती न बुडविता रुग्णाला लघवी वाढविणारी गोळी दिली जाते. पहिल्या सूजेवर तिचा फारसा उपयोग नाही, आणि दुसरीचे कारण तिच्याआड दडून राहते. भरीला गुडघेदुखीची गोळी असतेच. ती गाळणीकडे येणारी वाहिनी आवळते, दाब वाढविते आणि सूजही आणते. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, कारण ते दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. माणसांच्या हाती ते औषध आजही सहज पडते.

तेव्हा मागणी साधी आहे. रक्तदाबाची गोळी जेथे दिली जाते तेथेच वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिॲटिनिन तपासले जावे आणि तो आकडा रुग्णाच्या कार्डावर दाबाच्या आकड्याशेजारी लिहिला जावा. टेल्मिसार्टनसारखे औषध सुरू केल्यास काही आठवड्यांनी क्रिॲटिनिन व पोटॅशियम पुन्हा पाहावे लागते, त्याचीही सोय तेथेच हवी. तोवर पाय सुजले म्हणून कोणी आपल्या मनाने गोळी सोडू नये. अनावर रक्तदाब मूत्रपिंडाचा घात अम्लोडिपिनपेक्षा कितीतरी लवकर करतो.