जपणूक कपाटात होत नाही

लाख-दीड लाखाची पर्स लोक कशी सांभाळतात ते पाहण्यासारखं आहे. ती मऊ कापडी पिशवीत जाते, आकार बिघडू नये म्हणून आत कागदाचे बोळे भरले जातात. हाताचा घाम लागू नये म्हणून बंदांना रेशमी रुमाल गुंडाळला जातो. हॉटेलात तिच्यासाठी वेगळी खुर्ची ओढली जाते आणि आभाळ भरून आलं की ती घरीच राहते. या काळजीबद्दल तीन मतं कानावर पडतात. तिन्ही मला चुकीची वाटतात.

पहिलं मत असं, की हा पैशाचा माज आहे. चार पैसे साठवून एखादी बाई स्वतःसाठी पर्स घेते, तर ती थिल्लर ठरते. दर रविवारी तासभर बुलेट पुसणाऱ्या पुरुषाला मात्र कुणी नावं ठेवत नाही. हा न्याय एकतर्फी आहे. शिवाय चांगल्या पर्समागे खरोखर कसब असतं. एर्मेस ही पॅरिसची पेढी 1837 मध्ये घोड्यांचे साज करण्यापासून सुरू झाली. खोगिराची जी शिवण तिथं वापरत, तीच पुढे पिशव्यांना आली: एक दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. अशा कामाची कदर करणं हा माज नाही.

दुसरं मत असं, की जपायचं म्हणजे वापरायचं नाही. वापरली की किंमत गेली. आता ती शिवणच पाहा. ती दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर टिकावी म्हणून आहे, कपाटात उभी राहावी म्हणून नाही. याच पेढीच्या बर्किन नावाच्या पिशवीची कथा जेन बर्किन या अभिनेत्रीपासून सुरू होते. 1984 मध्ये विमानात शेजारी बसलेल्या पेढीच्या प्रमुखाला तिनं सामान मावेल अशी पिशवी मिळत नसल्याचं सांगितलं. त्यातून जी पहिली पिशवी झाली, ती तिनं अनेक वर्षं रोज वापरली. तिच्यावर स्टिकर लावले, नखं कापायचं यंत्र अडकवलं, कोपरे झिजवले आणि 1994 मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी ती लिलावात दिली. तीच पिशवी जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे 86 लाख युरोंना, म्हणजे जवळपास 86 कोटी रुपयांना गेली. ही किंमत प्रसिद्ध बाईच्या नावाची, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे. पण स्टिकरचे डाग आणि ओरखडे पुसून मग ती विकायला ठेवली नव्हती. वापरानं किंमत जातेच, हा नियम त्या दिवशी टिकला नाही.

आणि आपल्या हवेत तर कपाट हाच चामड्याचा वैरी. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात बंद ठेवलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी धरते. नकली चामड्याचा वरचा थर दमट हवेत न वापरताच सुटत जातो. पैठणीचंही तेच. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली, तर जर नेमकी त्या घडीवर तुटते. म्हणून आजीपासून नातीपर्यंत सगळ्या जणी ती मधून मधून उलगडतात, घडी बदलतात आणि लग्नकार्यात नेसतात.

तिसरं मत सगळ्यांत अन्यायाचं: ज्याच्याकडे महाग वस्तू नाही, त्याच्याकडे जपण्यासारखं काय असणार? असं बोलणाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात, वांगणीच्या बाजूला जावं. हा वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी यांचा डोंगराळ मुलूख आहे. या भागातली बांबूची कणगी पाहावी. नवं भात भरण्याआधी शेणामातीनं तिच्या चिरा बुजवतात आणि पुन्हा सारवून वाळवतात. सुपाचा काठ सुटला, तर सूप फेकत नाहीत, काठ नव्यानं बांधतात. चुलीवरच्या धुरात राहिलेल्या बांबूला भुंगा लवकर लागत नाही, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

यावर उत्तर येतं, की ही सगळी गरिबी आहे. नवं घेता येत नाही म्हणून जुनं सांधतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झाकून गरिबीचे गोडवे गाणं मला पटत नाही. दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती हौसेनं नाही. पण तारपा या फुंकवाद्याचं काय? तारप्यानं पोट भरत नाही. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. भोपळा धक्क्यानं फुटतो, मेण उन्हानं मऊ पडतं. इतकी नाजूक वस्तू, आणि तरी भात तयार होण्याच्या दिवसांत ती रात्र रात्र वाजते आणि तिच्याभोवती फेर धरला जातो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी तारपा आयुष्यभर वाजवून ही कला जिवंत ठेवली. बोहाडा या सोंगांच्या उत्सवातले मुखवटेही तसेच. काही जुने लाकडाचे, बाकीचे कागदाच्या लगद्याचे. अनेक गावांत कुठलं सोंग कुठल्या घराण्यानं घ्यायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. होळीनंतरच्या दिवसांत संबळावर हे मुखवटे नाचवले जातात आणि रंग उडाला की पुन्हा रंगवले जातात. हे गरिबीच्या सक्तीनं होत नाही. त्या वस्तूवर आपला हक्क आहे आणि तिच्याप्रती आपलं कर्तव्यही आहे, या जाणिवेतून होतं.

म्हणून माझं म्हणणं असं: वस्तू जपणं म्हणजे ती वापरणं, बिघडली की दुरुस्त करणं आणि पुढच्या हाती चालती देणं. यातलं एकही टाळलं, तर ती राखण होते, जपणूक होत नाही. राखणीत वस्तूची धास्ती असते, जपणुकीत वस्तूशी नातं असतं. या कसोटीवर महागडी पर्सही उतरू शकते आणि सूपही. किमतीचा यात संबंध नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी पर्स आहे, त्यांना मनापासून सांगणं आहे. तिला दोष देऊ नका, तिची लाजही बाळगू नका. ती बाहेर काढा, कामावर न्या, लेकीच्या खांद्यावर द्या. ओरखडा पडला तर पडू द्या, शिवण उसवली तर चांगल्या कारागिराकडून शिवून घ्या आणि त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या.