पोलिसांच्या मृत्यूंचा अपुरा हिशेब

२०१९ साली अमेरिकेत गुन्हेगारांच्या हातून ४८ पोलीस मारले गेले. हा आकडा एफ.बी.आय.च्या वार्षिक अहवालातला असून त्यातील प्रत्येक घटनेची वेळ, स्थळ आणि वापरलेले शस्त्र यांची नोंद उपलब्ध आहे. त्याच वर्षी किती पोलिसांनी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली, या प्रश्नाचे उत्तर मात्र अमेरिकन सरकारपाशी नव्हते. एका स्वयंसेवी संस्थेने सहकारी, कुटुंबीय आणि वृत्तपत्रे यांच्याकडून माहिती गोळा करून ती संख्या दोनशेहून अधिक असल्याचे दाखविले. याचा अर्थ असा की, गुन्हेगाराच्या गोळीने जितके पोलीस गेले, त्याच्या चौपटीहून अधिक निराशेने गेले. आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद करण्यासाठी रकानाही नव्हता.

पोलिसांची सुरक्षितता आणि स्वास्थ्य यांविषयी आकडेवारी गोळा करण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने अलीकडे जे कायदे केले वा जी विधेयके विचारात घेतली, त्यांचे मूळ या विसंगतीत आहे. प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. वस्तुतः तो सरकारी खर्चाच्या अग्रक्रमाचा आहे. अंदाजपत्रकातील तरतूद आकड्यांच्या मागून जाते. ज्या दुःखाचा आकडा नाही, त्याच्यासाठी पैसाही नसतो. बंदुकीच्या गोळीने मरणाऱ्या पोलिसांची गणना वर्षानुवर्षे होत होती, म्हणूनच गोळीरोधक जाकिटांसाठी स्थानिक पोलीस दलांना संघराज्याने अनुदान द्यावे, ही मागणी ठोस पुराव्यानिशी करता आली आणि १९९८ मध्ये तसा कायदा झाला. मनावरील आघातांच्या बाबतीत असा पुरावाच नव्हता.

गेल्या काही वर्षांत ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी नेमलेल्या कृतिगटाने पोलिसांचे स्वास्थ्य आणि सुरक्षितता हा पोलीस सुधारणेच्या सहा आधारस्तंभांपैकी एक मानला. जानेवारी २०१८ मध्ये पोलिसांच्या मानसिक आरोग्याविषयीचा कायदा संमत झाला. जून २०२० मध्ये पोलिसांच्या आत्महत्यांची माहिती संकलित करण्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून एफ.बी.आय.ने त्याची अंमलबजावणी सुरू केली. आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न या दोहोंची परिस्थितीसह नोंद घ्यावी, मात्र अहवालात कोणाचीही ओळख उघड होऊ नये, अशी त्यात तरतूद आहे. २०२२ मध्येच आणखी एका कायद्याने कर्तव्यातील आघातामुळे जडलेले मनोविकार आणि त्यांतून घडलेल्या आत्महत्या यांनाही, विशिष्ट परिस्थितीत, १९७६ पासून चालत आलेल्या नुकसानभरपाईच्या योजनेत स्थान मिळाले. २०२४ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये मांडलेले विधेयक याच्याही पुढे जाते. पोलिसांना हेतुपुरस्सर लक्ष्य करणारे हल्ले, सध्याच्या नोंदीत न बसणाऱ्या आक्रमक वा आघातकारक घटना आणि मानसिक आरोग्याच्या उपलब्ध सोयी या तिन्ही विषयांवर अॅटर्नी जनरलने अहवाल द्यावेत, असे ते सांगते.

सक्तीविना गणना

हेतू चांगला असला, तरी या सर्व यंत्रणेचा पाया कच्चा आहे. अमेरिकेत सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत. त्यांपैकी बहुसंख्य शहरांच्या, परगण्यांच्या वा राज्यांच्या अखत्यारीत येतात. संघराज्याच्या कार्यक्रमासाठी राज्य व स्थानिक अधिकाऱ्यांना वॉशिंग्टनमधून राबविता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रिंट्झ खटल्यात दिला. परिणामी एफ.बी.आय.ला माहिती पाठविणे हे बहुतांशी ऐच्छिक राहिले. ऐच्छिकतेचे फळ काय असते, ते २०२१ मध्ये दिसले. एफ.बी.आय.ने गुन्हेनोंदणीची जुनी पद्धत बंद करून नवी पद्धत स्वीकारली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या देशातील दोन सर्वांत मोठ्या शहरांच्या पोलीस दलांची आकडेवारीच त्या वर्षीच्या राष्ट्रीय गणनेत आली नाही.

आत्महत्यांच्या बाबतीत तर माहिती न देण्याकडेच सर्वांचा ओढा असतो. दलप्रमुखाला आपल्या कारभारावर ठपका नको असतो. कुटुंबाला लोकापवाद नको असतो. ज्या शिपायाला झोप येत नाही, त्याला ते सांगितले तर शस्त्र काढून घेतील आणि बढती हुकेल, अशी धास्ती वाटते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे खरे बोलण्याची किंमत व्यक्तीला मोजावी लागते आणि त्याचा लाभ मात्र समाजाला मिळतो. असा व्यवहार केवळ आवाहनाने चालत नाही. म्हणून आज हाती येणारा सरकारी आकडा हा किमान आकडा समजावा, संपूर्ण चित्र नव्हे. तो लहान दिसला म्हणून प्रश्नही लहान आहे, असे अनुमान काढणे आकडा नसण्यापेक्षाही घातक ठरेल.

व्याख्येचे राजकारण

दुसरी अडचण व्याख्येची आहे. पोलिसांवरील हिंसेचा प्रश्न काल्पनिक नाही. जुलै २०१६ मध्ये डॅलस येथे एकाच हल्ल्यात पाच पोलीस ठार झाले. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत गुन्हेगारी कृत्यांत १९४ पोलीस मारले गेले आणि एकट्या २०२३ मध्ये त्यांच्यावरील हल्ल्यांची नोंद ७९,००० हून अधिक झाली. तथापि गुन्ह्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या ‘आक्रमक’ वर्तनासाठी नवा रकाना उघडायचा, तर त्यात काय मोडते हे आधी निश्चित झाले पाहिजे. रस्त्यावर जाब विचारणारा नागरिक, मोर्चातील घोषणा किंवा पोलिसांचे चित्रीकरण करणारा तरुण यांचाही समावेश त्यात झाला, तर तो आकडा पोलिसांच्या आरोग्यासाठी न वापरता टीकाकारांविरुद्ध वापरला जाईल.

हे भय निराधार नाही. कारण पोलिसांच्या हातून मरणाऱ्या नागरिकांच्या गणनेचा इतिहास याहून वेगळा नाही. २०१४ मधील फर्ग्युसनच्या घटनेनंतर ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ पासून स्वतंत्र मोजणी सुरू केली. पोलिसांच्या गोळीबारात वर्षाला सुमारे एक हजार माणसे मरतात, असे तीतून दिसले, एफ.बी.आय.च्या दप्तरात त्यांपैकी निम्म्यांचीही नोंद नव्हती. त्यानंतर बळाच्या वापराविषयीची राष्ट्रीय नोंद २०१९ मध्ये सुरू झाली, पण तीही ऐच्छिकच. पोलिसांच्या आत्महत्या असोत वा नागरिकांचे मृत्यू, सरकारआधी ही मोजणी बिगरसरकारी हातांनी करावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या दोन हिशेबांचा परस्परांशी संबंधही आहे. जादा पाळ्यांनी थकलेला, भेदरलेला आणि आतून खचलेला शिपाई नागरिकालाही धोकादायक असतो. तेव्हा पोलिसांचे स्वास्थ्य मोजणे म्हणजे पोलिसांची बाजू घेणे आणि पोलिसी बळाचा वापर मोजणे म्हणजे त्यांच्याविरुद्ध जाणे, ही अमेरिकेतील पक्षीय विभागणी मुळातच चुकीची आहे.

मग उपाय काय? हुकूम करता येत नसला, तरी संघराज्याच्या हाती पैसा आहे. कोठडीतील मृत्यूंची माहिती न देणाऱ्या राज्यांचे पोलीस अनुदान दहा टक्क्यांपर्यंत कापण्याचा अधिकार तेथील कायद्याने आधीच दिलेला आहे. परंतु माहिती देण्यासाठी कुवत लागते. म्हणून छोट्या दलांना नोंदणीसाठी पैसा द्यावा आणि पुरेशा अवधीनंतरही जे नोंद करणार नाहीत, त्यांचे अनुदान कापावे, असा दुहेरी मार्ग योग्य ठरेल. मदत मागणाऱ्याची नोकरी व बढती यांना केवळ त्या कारणास्तव धक्का लागणार नाही, याची कायदेशीर हमी हवी. आणि पोलिसांचे व नागरिकांचे मृत्यू एकाच शिस्तीने, एकाच वेळी प्रसिद्ध झाले पाहिजेत.

भारतातही पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे केंद्राने मोजावे कसे आणि राज्यांनी सांगावे का, हा पेच आपल्यालाही अपरिचित नाही. गणवेशातील माणसाच्या त्यागाची स्तुती सर्व पक्षांना परवडते, कारण तिला खर्च येत नाही. त्याच्या कामाचे तास, त्याचे आजार आणि त्याचे मरण प्रामाणिकपणे मोजले, की मात्र खर्चाचा प्रश्न उभा राहतो. अहवाल मागविणारा कायदा ही त्या हिशेबाची पहिली पायरी आहे. अहवाल आल्यावर काँग्रेस तिजोरी उघडते की नाही, यावरच त्याची खरी किंमत ठरेल.