ताकद घटली, दोष वयाचाच?

‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ हे वाक्य ऐकल्याशिवाय सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीचा दिवस सरत नाही. या एका शब्दाखाली रक्तक्षय, मधुमेह, काळजी, उपासतापास असं काहीही दडलेलं असतं. गेल्या काही वर्षांत मात्र याच तक्रारीचा एक वेगळा नमुना दिसू लागला आहे. माणूस पंचेचाळीस ते साठ वर्षांचा, दिसायला धडधाकट, बरीच वर्षं नेमाने जिमला जाणारा. तो ‘अशक्तपणा’ म्हणतच नाही. तो सांगतो, ‘बेंच प्रेसला ८० किलो सहा वेळा जायचं, तीन महिन्यांत ६० वर आलंय. खाणं तेच, झोप तीच, जिमही चुकवलेली नाही.’ पुराव्याला मोबाइलमध्ये तारीखवार नोंदी असतात.

अशा माणसाला मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. ट्रेनर म्हणतो प्रोटीन वाढवा. जिममधला मित्र हळूच टेस्टोस्टेरॉनचं नाव काढतो. घरचे म्हणतात, या वयात हवेत कशाला हे उद्योग? आणि बाहेर पन्नास रुग्णांची रांग असलेला डॉक्टर म्हणतो, ‘वय झालं.’ या सगळ्यांत मला शेवटचं उत्तर जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते तपास तिथेच थांबवतं.

वय ताकद घेतं यात वाद नाही. पण किती घेतं याचा बऱ्यापैकी हिशेब आपल्याकडे आहे. मास्टर्स वेटलिफ्टिंगमध्ये मध्यमवयीन आणि वृद्ध खेळाडूंचे पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात आणि वेगवेगळ्या वयाच्या खेळाडूंची तुलना करता यावी म्हणून वयाचे गुणांक ठरवलेले असतात. या खेळाडूंच्या कामगिरीत सत्तरीपर्यंत वर्षाला साधारण १ ते १.५ टक्के घट दिसते. म्हणजे ८० किलो उचलणाऱ्याचा वर्षाला किलोभर. ८० चे ६० होणं ही २५ टक्क्यांची घट आहे. सराव चालू असताना वयाला तेवढं घ्यायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. ते तीन महिन्यांत गेलं असेल, तर वयाच्या माथी मारता येत नाही.

आता आमच्या तपासणीची मर्यादाही सांगतो. स्नायूंची ताकद आम्ही हाताने तपासतो. ‘हात वर धरा, मी खाली दाबतो, दाबू देऊ नका,’ असं म्हणतो आणि शून्य ते पाच असे गुण देतो. ८० किलो ढकलणारा माणूस ६० वर आला, तरी माझ्या हाताला तो सहज भारी पडतो. कागदावर लिहिलं जातं पाचपैकी पाच, आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं. खरं तर त्याची वही माझ्या हातापेक्षा अचूक मोजत असते.

आकडे आधी बोलतात आणि निदान मागून येतं, याचं वैद्यकातलं गाजलेलं उदाहरण वेटलिफ्टिंगचं नाही, बेसबॉलचं आहे. अमेरिकेचा लू गेरिग सलग २,१३० सामने खेळला. १९३७ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी ०.३५१ होती, १९३८ मध्ये ती ०.२९५ वर आली. त्या मोसमात तो पस्तिशीचा होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की आता उतरण लागली. २ मे १९३९ रोजी त्याने स्वतःच संघातून बाजूला होण्याचा निर्णय घेतला. जूनमध्ये मेयो क्लिनिकमध्ये निदान झालं, एएलएस. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा हा आजार. १९४१ मध्ये तो गेला. आजार दुर्मीळ आहे. जिममध्ये वजन कमी झालेल्या शंभर जणांत एकाला तरी तो सापडेल असं मला वाटत नाही, तेव्हा हे वाचून कुणी रात्रभर दंड चाचपत बसू नये. सांगायचं एवढंच की आजार ओळखला जाण्याच्या कितीतरी आधी धावफलकावर दिसत होता.

मग तपास कुठून सुरू करायचा? माझा पहिला प्रश्न रक्ताच्या रिपोर्टचा नसतो. ताकद एका बाजूची गेली की दोन्ही, हा असतो. बारबेल दोन्ही हातांनी उचलतात, त्यामुळे एका हाताची कमजोरी दुसरा झाकतो. म्हणून एकेका हातात डंबेल घेऊन पाहायला सांगतो. उजवा २० किलोला दहा वेळा जातो आणि डावा चारला थांबतो, असं दिसलं तर लक्ष मानेकडे जातं. मानेच्या मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली की दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कमजोर पडू शकतो. गंमत म्हणजे मान दुखतेच असं नाही. ‘दुखत नाही म्हणजे शीर दबलेली नाही’ हा समज चुकीचा आहे. उलट दुखणं थांबलं आणि ताकद गेली, हे जास्त काळजीचं.

याच्या जोडीला शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना पायातली चप्पल निसटून जाणं आणि ते न कळणं, तळव्याचा किंवा दंडाचा मांसल भाग खोलगट होणं, स्नायू सतत फडफडणं यातलं काही असेल, तर दोन-तीन महिने प्रोटीन पावडर घेऊन वाट पाहू नये. मेंदूविकारतज्ज्ञाकडे आठवड्या-दोन आठवड्यांत जावं. आणि कमजोरी तासांच्या, दिवसांच्या हिशेबाने पायांपासून वर चढत असेल, तर त्याच दिवशी थेट रुग्णालय. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण निघाले, तेव्हा हे आपण जवळून पाहिलं आहे.

दोन्ही बाजूंनी सारखीच ताकद गेली असेल तर चित्र बदलतं. खांदे आणि मांड्या एकदम ढिल्या पडतात. स्क्वॉटला खाली गेलेला माणूस वर येत नाही, आणि घरी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. इथे थायरॉइड, ड जीवनसत्त्व, पोटॅशियम, रक्तातली साखर तपासावी लागते. उन्हाच्या देशात राहूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे भरपूर आहे. आणखी एक खास आपल्याकडचं कारण म्हणजे सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिनानावाच्या पुड्या. त्यांत अनेकदा कॉर्टिसोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं जादूसारखं थांबतं आणि मांडीचे स्नायू झिजत जातात.

या वयात बहुतेकांच्या खिशात गोळ्यांची पट्टी असतेच. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, शाकाहारी असाल तर आणखी लवकर. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पोटॅशियम घालवतात. बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग धरून ठेवतो, त्यामुळे एकदा उचलायचं वजन तेवढंच राहतं, पण दहा रेप्सच्या सातच होतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनवर मात्र गरजेपेक्षा जास्त खापर फुटतं. ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलं होतं, अशांनाच २०२० च्या ‘सॅमसन’ प्रयोगात काही महिने स्टॅटिन, काही महिने तशाच दिसणाऱ्या बनावट गोळ्या आणि काही महिने काहीच नाही, असं ठेवलं. जेवढा त्रास स्टॅटिनने झाला, त्याच्या ९० टक्के बनावट गोळीनेही झाला. स्टॅटिनने स्नायूंना खरी इजा होते, पण क्वचित. बायपास झालेल्या माणसाने बेंच प्रेस परत मिळवण्यासाठी परस्पर स्टॅटिन बंद करणं म्हणजे वीस किलोसाठी हृदय पणाला लावणं.

नवं कारण आहे वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांचं. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यापुढे देशी कंपन्यांना रान मोकळं. औषधं चांगली आहेत, लठ्ठ मधुमेहींना मी ती सुचवतोही. पण मोठ्या चाचण्यांमध्ये कमी झालेल्या वजनाचा चौथा हिस्सा ते ४० टक्के चरबीचा नव्हता. त्यात पाणीही आलं आणि स्नायूही आले. भूकच मेल्यामुळे प्रोटीन पोटात जात नाही. लठ्ठपणा नसताना, फक्त सिक्स पॅक दिसावेत म्हणून ही सुई टोचून घेणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाची ताकद घटली, तर त्यात ‘अज्ञात’ असं काही नाही. दिवसाला दोनच जेवणं आणि तीही पोळी-भाजीची, असं डाएट करून जड वजनं मारणाऱ्यांचंही तेच होतं, फक्त सावकाश.

सगळ्यात लपवलं जाणारं कारण म्हणजे जिममध्ये मिळणारी इंजेक्शनं. ॲनाबॉलिक स्टेरॉइडच्या काळात वजनं भराभर चढतात, शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, आणि इंजेक्शन सुटलं की कित्येक महिने दोन्हीकडचं काहीच नसतं. ताकद कोसळते, मन उदास होतं, इच्छा मरते, आणि माणूस पुन्हा त्याच ट्रेनरकडे जातो. हल्ली मेफेंटरमाइनही टोचलं जातं. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब फार उतरला तर आम्ही वापरतो ते हे औषध. पुण्यात पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. बायको शेजारी बसलेली असताना हे कुणी कबूल करत नाही, म्हणून मी तिला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो.

काही साध्या गोष्टी मात्र विसरू नयेत. वजन काट्यावरही घटतंय, संध्याकाळी अंग गरम होतंय, खोकला आहे, तर क्षयरोगाची तपासणी आधी. हिमोग्लोबिन कमी निघालं तर पन्नाशीच्या पुरुषाने लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये, रक्त कुठे जातंय हे शोधावं लागतं, कारण आतड्याचा कर्करोग कधी कधी एवढ्याच खुणेवर सापडतो. वजन उचललं जातंय पण पूर्वी न लागणारा दम लागतोय, छाती भरून येतेय, तर ईसीजी होईपर्यंत जिम बंद. यातलं काहीच नसेल आणि घट पाच-सात टक्क्यांचीच असेल, तर आठवडाभर हलका व्यायाम करून नीट झोपा. बहुतेकांची ताकद दोन-तीन आठवड्यांत परत येते. तसं झालं तर तो निव्वळ थकवा होता.

तपासण्यांना येताना थोडी तयारी लागते. जड व्यायामानंतर सीपीके काही दिवस कितीतरी पट वाढलेलं राहतं आणि एसजीओटीसुद्धा चढतं, मग यकृताचा आजार समजून भलतीच धावपळ होते. म्हणून आधीचे सहा-सात दिवस वजनं उचलू नयेत. क्रिएटिन पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनीन मूत्रपिंड चांगलं असतानाही थोडं जास्त दिसू शकतं, तेव्हा ती घेत असल्याचं सांगावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून त्या दोन दिवस थांबवाव्यात, त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. टेस्टोस्टेरॉन तपासायचंच असेल तर सकाळी लवकर, आणि कमी आलं तर पुन्हा एकदा. सोबत वजनांची वही आणावी आणि घेत असलेल्या प्रत्येक डब्याचा, बाटलीचा लेबल वाचता येईल असा फोटो.