ग्राइंडर खाली ठेवा!

सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडीत स्पीकर बसवायला पत्रा कापायचा असेल, तर ग्राइंडर गाडीच्या आसपाससुद्धा फिरकता कामा नये. हे नुसतं माझं मत नाही. त्याचा पुरावा चार वर्षं बाबांच्या गाडीच्या मागच्या काचेवर आहे.

झालं असं. पहिला बोनस हातात आला आणि बाबांच्या सेडानमध्ये मागे ६ बाय ९ इंची अंडाकृती स्पीकर बसवायचं मी ठरवलं. (बाबांनी मागितले नव्हते. त्यांना एफएमवरची जुनी गाणी पुरतात. पण मुलगा कमावता झाला की त्याला कुठेतरी खर्च करायचा असतोच!) मागच्या सीटमागे जो आडवा पत्रा असतो, ज्याच्यावर लोक टिश्यूचा डबा ठेवतात, त्यात लहान स्पीकरपुरतं भोक होतं. ते मोठं करायचं होतं. दुकानातला पोरगा, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, ४ इंची ग्राइंडर घेऊन मागच्या सीटवर चढला. ग्राइंडरचं गार्ड काढलेलं, डोळ्यांवर गॉगल नाही. मी विचारलं, "काचेला काही होणार नाही ना?" मालक म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ. दोन मिनिटांचं काम आहे."

आणि खरंच दोन मिनिटांत झालं. सगळं दुखणं तिथेच आहे.

आठवड्याने काच आतून पुसायला घेतली तर बोटांना खरखर लागली. ठिणगी दिसायला फुलबाजीसारखी असली तरी तो तापून लाल झालेला लोखंडाचा कण असतो. तो काचेवर आदळतो आणि तिथेच रुततो. कापडाने निघत नाही, आणि खरवडावं तर मागच्या काचेला आतून डिफॉगरच्या बारीक रेघा असतात, त्या तुटतात. दुसऱ्या पावसाळ्यात स्पीकरच्या कडेने तपकिरी रेघ उमटली. गंज! आता रात्री मागून कुणी अप्पर मारला की आरशात चांदणं पसरतं. बाबा काही बोलत नाहीत, नुसता आरसा थोडा तिरका करतात. त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागतं.

मग मी हट्टाने या विषयाच्या मागे लागलो. आता निष्कर्ष ऐका.

गाडीच्या बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमी जाड असतो. म्हणजे तो कापायला ताकद लागतच नाही, लागतो तो ताबा. हत्यार निवडताना "किती वेळात कापेल?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी तीन प्रश्न विचारायचे. उष्णता कुठे जाणार? कचरा कुठे उडणार? आणि पातं पत्र्याच्या पलीकडे किती घुसणार?

ग्राइंडर तिन्ही प्रश्नांत नापास. उष्णतेने कडेचा रंग आणि गंज रोखणारा जस्ताचा थर जळतो. ठिणग्या काच, सीट, गालिचा, सगळीकडे जातात. (बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते, हेही लक्षात असू द्या.) शिवाय त्याची चकती सरळ रेषेत कापते. तिच्याकडून गोल कापून घ्यायचं म्हणजे छोट्या छोट्या सरळ चिरा, आणि प्रत्येक चीर रेषेच्या बाहेर गेलेली.

जिगसॉ त्यापेक्षा बरा, पण त्याचं पातं पलीकडे दोन-अडीच इंच खाली-वर होत असतं. दारात तिथे काच असते, काच उचलणारी यंत्रणा असते, वायरी असतात. पत्रा पातळ असल्यामुळे बारीक दातांचं पातं लावलं तरी तो थडथडतो आणि कडा वाकतात. पलीकडे भरपूर मोकळी जागा असल्याची खात्री असेल तरच वापरा.

ट्वीटरसारख्या लहान गोल भोकासाठी होल सॉ उत्तम. ड्रिलचा वेग कमी ठेवायचा, एवढंच पथ्य.

मोठ्या भोकासाठी निबलर. हे हत्यार पत्र्याचे चंद्रकोरीएवढे तुकडे टाचत पुढे जातं. ठिणगी नाही, उष्णता जवळपास नाही, पत्रा वाकत नाही, वळण हवं तसं घेता येतं. सुरुवातीला एक भोक पाडून द्यावं लागतं. साध्या ड्रिलला जोडायचा निबलरही मिळतो, आणि तो बऱ्या स्पीकरच्या जोडीपेक्षा स्वस्त पडतो. दोष एकच. त्या चंद्रकोरी अणकुचीदार असतात, म्हणून खाली जुनी चादर अंथरायची आणि शेवटी चुंबक फिरवायचा.

तेवढाही खर्च नको असेल तर पत्रा कापायची कात्री आहेच. लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ जाते. हात दुखतात, अर्धा तास जातो, पण काच शाबूत राहते. शेवटी कडेला कानस मारायची, प्रायमर लावायचा आणि वायर जिथून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवायचा. कानस आणि प्रायमर टाळलेत तर निबलर वापरूनही गंज येईलच.

आता काही जण म्हणतील, "आमचा उस्ताद वीस वर्षं ग्राइंडरनेच कापतोय, काही झालं नाही." झालं नाही की दिसलं नाही? गंज गाडी दुकानातून बाहेर पडल्यावर दोन पावसाळ्यांनी येतो. तोवर उस्ताद कुठे आणि तुम्ही कुठे! आपल्या धंद्यातही असे महाभाग असतात. प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट बदल करतात, पटकन काम झालं म्हणून शाबासकी घेतात, आणि शनिवारी रात्री फोन दुसऱ्यालाच येतो. तिथे निदान बॅकअप तरी असतो. कापलेल्या पत्र्याला कसला बॅकअप?

ग्राइंडर वाईट नाही. अँप्लिफायरची लोखंडी पट्टी गाडीपासून लांब, शिकंज्यात पकडून खुशाल कापा, पण गार्ड आणि गॉगल लावून. ११,००० आरपीएमला ४ इंची चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किमीच्या वर जातो. ती फुटली तर तुकडा आधी त्या पोराकडेच जाणार. तेव्हा मला फक्त काचेची काळजी होती. त्याच्या डोळ्यांबद्दल मी एक शब्द बोललो नाही, याची आज खरी लाज वाटते.

आणि सगळ्यात चांगला काप म्हणजे न कापणं. आधी अॅडॅप्टर रिंग मिळते का बघा. काही नव्या गाड्यांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि बाजूची एअरबॅग त्याच्या भरवशावर उघडते. अशा दारात नवीन भोक पाडायचंच नाही, हत्यार कुठलंही असो.

तेव्हा मंडळी, दुकानात गेलात की स्पीकरच्या वॉटआधी एक प्रश्न विचारा: "कापणार कशाने?" उत्तर "ग्राइंडर" आलं तर किल्ली परत घ्या आणि सरळ घरी या. जुनी गाणी जुन्या स्पीकरवरही छान वाजतात. बाबांना विचारा.