लेकीची पहिली रायफल

आमचे आबा 1965 साली बेळगावच्या मराठा सेंटरात भरती झाले. हातात आधी थ्री नॉट थ्री आली, प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा. नंतर आली एसएलआर, 7.62 ची, अर्ध-स्वयंचलित. एकदा चाप दाबला की एक गोळी, पुढची आपोआप चेंबरमध्ये. निपाणीच्या घरी आम्ही लहानपणी गोष्टी ऐकल्या त्या याच रायफलीच्या.

2024 च्या 1 ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. आमची तेरा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, मलापण रायफल पाहिजे." तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच, 2010 ची जगज्जेती. कोल्हापूर आमच्या उंबऱ्यापासून तासाभरावर. मग नाही कसं म्हणणार?

आणि तिथंच माझी चूक झाली. हौसेनं मोठ्या माणसाची, जुनी पण भारी मॅच रायफल घेतली. आबांनी ती हातात घेऊन विचारलं, "हिचं मॅगझिन कुठं हाय रं?" मी म्हटलं, "नसतंय आबा. एका वेळी एकच छर्रा." आबा हसले. "मग बरं हाय. पोरगी घाई करायची न्हाई. पण पोरीच्या खांद्याला लावून बघितलीस का?"

नव्हती बघितली. दस्ता लांब, वजन पुढं ओढणारं. दोन महिन्यांत लेकीची मान आखडली आणि ती रेंजवर जायचं टाळायला लागली. पैशापेक्षा ते जास्त लागलं. शेवटी तोटा सोसून रायफल विकली.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. पहिले सहा महिने क्लबची रायफल वापरा. पहिला खर्च मापाच्या जॅकेटवर आणि बुटांवर करा. स्वतःची घेताना दस्ता आणि गालाची पट्टी मागंपुढं, वरखाली होणारी घ्या, पोर वाढेल तशी तीही वाढते. जुनी घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवर कोरलेली मुदत वाचा. मग साईट, मग चापाची जुळणी. एका वेळी एकच बदल, नाहीतर नेम कशानं सुधारला ते कळत नाही. 10 मीटरवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं रायफलीची किंमत नाही, सवय कामी येते.

4.5 मिमीपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं होत नाही. आमच्याकडं रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या आबांच्या कनवटीला.

लेक आता पुन्हा क्लबचीच रायफल वापरते. परवा विचारलं, नवी कधी बघायची? म्हणाली, "आबा म्हणतील तेव्हा."